चूक लिहून देणारे सुभेदार

सुभेदार एजंट रिकाम्या फ्लॅटचंही दार आधी वाजवत, मगच कुलूप काढत. सांगलीच्या विश्रामबागेत भाड्यानं घर शोधणाऱ्या प्रत्येकाला हे सोसावं लागे. साताऱ्याकडच्या औंधचे हे निवृत्त फौजी भाडेकरूही भरतीसारखा तपासत. पोलीस पडताळणी, नोंदणीकृत करार झाला की शेवटी विचारत, "घरी रांधता का डबा लावनार?" डबा लावणाऱ्यांवर त्यांचा भरवसा कमी.

घराबद्दल मात्र बेधडक ग्वाही. "ऊन? लय. शेजारी? देवमानूस." माझं घरही त्यांनीच दिलेलं. देवमाणूस अकरा महिने माझ्या दारात गाडी लावत होता.

मी विम्याची कामं करते. त्यांना म्हटलं, "तुमच्या सांगण्यानं कुणाचं नुकसान झालं, तर ते भरून देणारा विमा असतो. डॉक्टर काढतात, तुम्हीही काढा."

"आवं ताई, चुकनाऱ्यानं काढायचा."

मग नदीकडच्या एका तळमजल्यावर त्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना घर मिळवून दिलं. "हितं पुराचं पानी कवाच येत न्हाई." त्याच पावसाळ्यात पाणी खिडकीला लागलं. शिलाई मशिनं, गिऱ्हाइकांचं कापड, सगळं चिखलात. घरमालक म्हणाला, "मी कुठं काय बोललो?" ओळखीचा एक वकील सुभेदारांना म्हणाला, "लेखी काही नाही. गप्प बसा."

तेव्हा ते स्वतः माझ्याकडे आले. झालेल्या नुकसानीला नवा विमा चालत नाही, हे मी आधीच सांगितलं.

"ठावं हाय. फुडच्यासाठी."

मी अटी वाचू लागले. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, या अटीला त्यांनी हात वर केला.

"म्हंजे चुकलो म्हनायला बी कंपनीला इचारायचं?"

"हो."

"आन् तवर त्या बाईनं काय करायचं?"

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. माझ्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांनी लिहिलं: 'पाणी येत नाही असे मी चौकशी न करता सांगितले. नुकसान मी भरून देईन.' खाली हुद्द्यासकट सही. मशिनं त्यांनी घेऊन दिली.

सांगलीत बातमीला वेळ लागत नाही. घरमालक एकेक करून किल्ल्या परत घेऊन गेले. एक जण मला म्हणाले, "माणूस चांगला हो, पण उद्या आमच्याही घराचं खरं लिहून देईल."

सुभेदार औंधला गेले. त्यांच्या गाळ्यात आता नवा एजंट आहे. त्याचा विमा मीच काढलाय. पुराबद्दल विचारलं की तो म्हणतो, "मालकांना विचारा." कंपनी त्याच्यावर खूश आहे.

माझ्या बहिणीला घर हवं होतं, तेव्हा मी औंधला फोन लावला.