ढिल्या तारांची गिटार

वाटूरचा भुजंग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. सिनेमातल्या गाण्यांपलीकडे त्याला काही येत नव्हतं. १९८५ च्या उन्हाळ्यात त्याची बायको शिवकन्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तेरावं झाल्यावर ऑर्केस्ट्रातला ढोलकवाला ख्वाजामियाँ भेटायला आला. त्यानं खिशातून एक कॅसेट काढून पुढं ठेवली.

"आमच्या मामूंची हाय. निजामोद्दीन. सिकंदराबादच्या क्लबात वाजवायचे, जॅझ म्हंत्यात त्याला. आता गेले बिचारे. मी तर कधी ऐकलंच न्हाई त्यान्ला. तू ऐक."

भुजंगनं ती घरच्या जुन्या टेपवर लावली. गिटार जड पावलांनी आली. एक सूर पडायचा, विझायचा, मग बऱ्याच वेळानं दुसरा. दोन तुकड्यांच्या मधे एक घोगरा, दमलेला आवाज काहीतरी पुटपुटायचा. आलागेला प्रत्येक जण त्याला सावर म्हणत होता. टेपमधला हा एकटा माणूस तसं म्हणत नव्हता.

चौदा वर्षं तो त्या आवाजापुढं बसला. कॅसेट खराब होईल म्हणून दुसऱ्या कुणाच्या मशीनवर ती लावली नाही, आणि आपल्या मशीनमध्ये दुसरी कॅसेट घातली नाही. सूर जुळावेत म्हणून त्यानं गिटारच्या तारा ढिल्या केल्या. "मयतीला आलास का रे?" असं वऱ्हाडी ओरडायला लागले, तेव्हा ऑर्केस्ट्रा सुटला. दुसरं लग्न त्यानं केलं नाही.

१९९९ साली औरंगाबादच्या एका स्टुडिओत त्यानं निजामोद्दीनचे आठही तुकडे वाजवले.

"तारा एवढ्या ढिल्या का?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

"उस्तादांच्या अशाच होत्या."

या नव्या कॅसेटच्या कव्हरावर उस्तादांचं नाव आणि फोटो हवा होता. फोटो त्यांच्या बेवेकडे, रहिमाबीकडे, जालन्याला होता. भुजंग एका दुपारी ख्वाजामियाँला घेऊन गेला. जुनी कॅसेटही परत द्यायची म्हणून सोबत घेतली. म्हातारीनं पेटीतून फोटो काढला, पण हातात धरूनच ठेवला.

"पहले सुनाव. त्यात हे दिसले तर फोटो तुझा."

लेकीनं दिलेल्या नव्या टेपवर भुजंगची कॅसेट लागली. रहिमाबी मान वाकवून ऐकत राहिली. एक तुकडा संपला.

"ये कौन मर गया?"

"खाला, उस्तादांचंच हाय. बिलकुल तसंच वाजिवलंय," भुजंग म्हणाला.

"ह्यांचं? हे वाजवायला बसले तर गल्लीतली पोरं नाचायची. मी ओरडायची, दीवारां गिरती."

भुजंगनं घाईघाईनं जुनी कॅसेट काढून त्याच नव्या टेपवर लावली. गिटार उधळली. सूर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत पळत होते. भुजंगला त्यातला एकही ओळखू आला नाही. मग एक पातळ, खोडकर आवाज खिदळत म्हणाला, "रहिमा, चाय में शक्कर डाली के नमक?"

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"तुझ्या टेपचा आतला, चाकं फिरवायचा पट्टा ढिला हाय, बेटा," ती म्हणाली. "आमच्या जुन्याचा बी झाल्ता. कॅसेट हळू फिरायची, समदे भुतावानी बोलायचे."

"इतकी वर्षं..." ख्वाजामियाँ पुटपुटला.

"बजाता तू अच्छा. पर अपना नाम डाल. ह्यांचं टाकू नको." तिनं फोटो पेटीत ठेवला. जुनी कॅसेट मात्र भुजंगच्या हातात परत दिली. "ठेव. मला पाठ हाय."

भुजंग वाटूरला परतला तेव्हा दिवस अजून होता. दार लावून त्यानं ती कॅसेट आपल्या टेपमध्ये घातली. पुन्हा तीच जड पावलं, तोच दमलेला म्हातारा. भुजंग भिंतीला टेकून बसला. पण आता त्याला तिथं माणूस सापडेना. सैल पट्टा आत घसरत होता, तेवढाच ऐकू येत होता.