माझ्या प्रबंधाची टायपिंगबाई

पीएचडीच्या प्रबंधात मी एका मेलेल्या बाईकडून चाळीस पानं बंड करवून घेतलं. विषय होता एका अभिजात अमेरिकन कादंबरीतल्या स्त्रियांचं स्थान. कादंबरी मी निम्मीच वाचली होती आणि बाई नेमकी उरलेल्या निम्म्यात तापाने गेली होती.

हे माझ्या मार्गदर्शकांना कळलं नाही. कळलं टायपिंगबाईंना.

अंबरनाथ पश्चिमेला एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता. आसपासचे कितीतरी प्राध्यापक त्यांच्या बोटांतून डॉक्टर झाले. कुणाचंही हस्तलिखित त्या ओल्या फडक्यासारखं दोन बोटांत उचलत. 'सखोल अभ्यासाअंती' अशा थाटाचं काही दिसलं की पुटपुटत, "आला थापा मारायला!" त्या आता मुलीकडे बडोद्याला असतात, पण असलं वाक्य लिहायला घेतलं की माझा हात अजून अडखळतो.

"सर, ही पाचव्या प्रकरणात नवऱ्याला सुनावते. पण ही मेलीय ना?"

"कुठे?"

"पुस्तकात. नावांची स्पेलिंगं बघायला तुमचंच नेलं होतं घरी. वाचून टाकलं. तुम्ही पण वाचा एकदा, सोपं आहे."

प्रबंध द्यायला नऊ दिवस होते. मी बदलापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, आणि डिग्री नसेल तर पुढच्या वर्षी तास नाहीत, असं प्राचार्यांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं होतं. मी म्हटलं, "राहू द्या हो, कोण वाचतंय!"

"मी वाचलं ना," म्हणून त्यांनी पाचवं प्रकरण माझ्यादेखत उडवलं.

पूर्वी त्या आनंदनगरच्या एका कंपनीत डिस्पॅचला होत्या. माल यादीशी ताडून मगच खोकं बंद करायचं, ही तिथली शिस्त. तीच त्यांनी कादंबरीला लावली. "बायका यादीत आहेत, खोक्यात नाहीत. एक रडते, एक शिवते, एक मरते. आणि हा बाबा तीनशे पानं स्वतःला शोधत फिरतोय. घरातच शोधलं असतं तर चहा तरी मिळाला असता!"

मी कादंबरी वाचली. बाई खरंच मेली होती. प्रकरण नव्याने लिहिलं. त्यांनी ते काही न बोलता टाइप केलं. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

शेवटच्या दिवशी मी ऋणनिर्देश दिला. मार्गदर्शकांना दीड पान, संस्थाचालकांना एक, आणि तळाशी एका ओळीत पत्नीची सहनशीलता व टंकलेखिकेची तत्परता यांचे आभार. बाईंची बोटं थांबली.

"पत्नीला नाव नाहीये का?"

"आहे की. सुजाता."

"दोनशे पानं बायकांच्या स्थानावर, आणि घरच्या बाईला अर्धी ओळ!" त्यांनी खाडखाड 'सुजाता' टाइप केलं.

मला एकदम उदारपणाचा झटका आला. म्हटलं, "बाई, तुमचंही नाव घालू या. सांगा, काय नाव तुमचं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर बोर्डावर आहे, सर. तीन महिने त्याच्याखालीच चपला काढताय. वाचायची सवयच नाही तुम्हाला."