बड्या रातीची माफी

शब-ए-बरातला आमच्यात बडी रात म्हणतात. येत्या वर्षाचं सगळं त्या रातीला लिहिलं जातं: कोण जगणार, कोण जाणार, कुणाच्या ताटात किती. माफीचं दारही त्या रातीला सताड उघडं असतं. फक्त ज्याच्या मनात आपल्याच माणसाबद्दल आकस आहे, त्याला ते बंद. आणि आणखी एक अट आहे. अल्लाचं काही चुकवलं असेल तर ते अल्ला माफ करतो, पण माणसाचं चुकवलं असेल तर त्या माणसाकडंच जायचं. काय केलं ते तोंडानं सांगायचं आणि त्यानं तोंडानं माफ करायचं. म्हणून दिवस मावळायच्या आत आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींच्या दारात जाऊन बोलल्याचाल्याची माफी मागायच्या. आता मोबाईलवर तयार मेसेज येतो. गुलाबाची फुलं, जोडलेले हात, 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास माफ करावं.' एक बटण दाबलं की दोनशे जणांची माफी मागून माणूस मोकळं.

गेल्या बड्या रातीच्या दुपारी मी डाळीचा हलवा परतत होते. परतत होते कसली, नुसतं उलथणं फिरत होतं. अम्मी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण माझी दमणूक काही गेली नव्हती. चार वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. दिवसा साड्यांना फॉल-पिको, मधेमधे तिची औषधं, पेज, धुणं. रात्री दर दोन तासांनी उठून तिला कुशीवर वळवायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, "केवढा सवाब कमावतीयास बाई!" आणि चहा पिऊन निघून जायचे. सवाबाचं हे पुण्य एवढं सोपं वाटत होतं तर एक रात्र तरी थांबायचं होतं की!

तेवढ्यात मोबाईल वाजला. आपाचा मेसेज. तीच फुलं, तेच हात.

आपा माझी थोरली बहीण, कागलला दिलेली. तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. अम्मीच्या मयतीला शेवटची आंघोळ आम्हा दोघींनी आणि शेजारच्या दोघींनी घातली. अम्मीला वळवलं तेव्हा पाठीवरची जखम आपानं बघितली. बाहेर येऊन भरल्या घरात ती म्हणाली, "बघा, जित्तेपणी सडवली हिनं माझ्या आईला." त्या दिवसापासून मी तिचं तोंड बघितलं नव्हतं. आणि आता तिनं मला दोनशे जणांच्या रांगेत उभं करून माफी मागितली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅस बंद केला, हलवा तसाच टाकला आणि स्टँड गाठला. भांडायलाच निघाले होते. दिवस मावळायच्या आत एकदाचं बोलून टाकायचं, मग अल्लाचं दार उघडं राहू दे नाहीतर बंद.

एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागनं रखडत निघाली. खिडकीला डोकं टेकलं आणि रागाची वाफ जायला लागली. राग धरायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. राग उतरला की त्याच्याखालचं दिसतं. म्हणून तर मी तो तीन वर्षं उतरू दिला नव्हता.

आपा खोटं बोलली नव्हती.

शेवटच्या थंडीत एका रात्री अम्मीनं हाक मारली. "बाळ, वळीव गं." मी जागी होते. दुसऱ्यांदा हाक आली, तिसऱ्यांदा आली. मी डोळे मिटून पडून राहिले. दिवसभर मशीनवर होते, पाय उचलत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा वीट आला होता. ती गप्प झाली आणि मला झोप लागली. सकाळी बघते तर पाठ फुटलेली. ती जखम पुढं भरलीच नाही. अम्मीला मी म्हटलं, "झोप लागली होती गं, ऐकूच आलं नाही." ती म्हणाली, "असू दे." सव्वा महिन्यानं ती गेली.

आता सांगा, मेलेल्या माणसाकडनं माफी कुठनं आणायची? तीन बड्या राती मी नमाजाच्या मुसल्यावर बसून काढल्या. कुराणातली यासीन वाचली, जादाची नफिल नमाज पढली, अल्लापुढं नाक घासलं. पण हे अल्लाचं नव्हतंच, अम्मीचं होतं. आणि माफ करणारी तर आम्ही मातीत ठेवून आलेलो. त्या दारापुढं बसून काय उपयोग?

कागलला आपा सोप्यात मेथी निवडत बसली होती. मला बघून तिचा हात थांबला. "आलीस व्हय?"

"मेसेज पाठवलास न्हवं? माफी मागायची तर तोंडानं माग की," मी चपला न काढताच म्हटलं.

"कसला मेसेज?"

आपाला मोबाईलवर हिरव्या बटणापलीकडं काही येत नाही. आतनं तिची सून म्हणाली, "मीच पाठवला खाला, सगळ्यांना पाठवला." झालं! भांडायला बारा कोस तुडवत यावं आणि भांडणच नसावं. मी मटकन पायरीवर बसले. आपानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी पाणी प्याले आणि जे सांगायला आलेच नव्हते तेच तोंडातनं निघालं.

"आपा, मयतीत तू बोललीस ते खरं होतं. त्या रात्री अम्मी हाका मारत होती आणि मी जागी होते. झोपेचं सोंग घेतलं मी."

आपानं मान वर केली नाही. "मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"अम्मीनंच सांगितलं. जायच्या आधी आठ दिवस आलतो न्हवं मी, तू औषध आणायला गेलतीस तवा. म्हणाली, 'धाकटी त्या रातीला झोपली न्हवती, जागी होती, तिच्या श्वासावरनं कळालं मला. लई दमलीया पोरगी. माझ्या मनात काय बी न्हाय. तू बघशील पाठ, पर तिला एका शब्दानं बोलू नको, तुला माझी शपथ हाय.'" आपानं मेथी बाजूला सारली. "आणि मी शपथ मोडली. आंघोळीला ती पाठ बघितली आणि तोंड सुटलंच माझं. चार वर्षांत एक रात सुदीक मी तिथं काढली न्हाय, आणि सगळ्यांसमोर तुला बोलून बसलो. कुठल्या तोंडानं येणार हुतो तुझ्याकडं? तुला सांगायचं म्हणजे अम्मीला कळलं हुतं हे बी सांगाय लागणार. तीन वरसं धाडस झालं न्हाय बघ."

अम्मी 'असू दे' म्हणाली होती, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

"आता मला माफ कर की गं," आपा म्हणाली.

"माफ केलं," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कारण आमच्यात ते नुसतं मनात ठेवून चालत नाही. मग तिच्या मांडीवर डोकं घातलं आणि हंबरडा फोडला. तीन वर्षं मी रडत होते ते मला माफी कशी मिळणार म्हणून. माझी आई गेली म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.