आइस हॉकीचा संघ कुठे टिकतो

"तुमच्या मॉडेलप्रमाणे हेच शहर पहिलं येतंय. मग अडचण काय आहे?" बॉसने विचारलं.

"अडचण ही, की याच मॉडेलप्रमाणे आज जिथे संघ आहेत, त्यांतल्या बऱ्याच गावांत ते असायलाच नकोत," मी म्हणाले.

ही दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी मूळची पुण्याची, स्टॅटिस्टिक्स शिकलेली. तेव्हा न्युरेम्बर्गमधल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये होते. आमचं काम लोकेशन अ‍ॅनालिसिस, म्हणजे दुकान किंवा गोदाम कुठे काढलं तर चालेल, हे आकड्यांवरून सांगायचं. या वेळचे क्लायंट हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर, बिल्डर. त्यांना ऱ्हाइनकाठच्या एका मोठ्या शहरात हॉल बांधून आइस हॉकीचा व्यावसायिक संघ आणायचा होता.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. "अगं, हॉकीला बर्फ कशाला?" त्यांनी विचारलं.

"ही वेगळी, बाबा. स्केट्स घालून खेळतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते."

जर्मनीत नवा संघ सगळ्यात खालच्या लीगमधून सुरुवात करतो. वर चढायला वर्षं लागतात. लिंडनरना तेवढा धीर नव्हता. आल्प्सच्या पायथ्याशी एका लहानशा गावाचा संघ वरच्या लीगमध्ये होता आणि त्याचा मालक आता कंटाळला होता. त्याचं लायसन्स विकत घ्यायचं, म्हणजे लीगमधली जागा उचलून शहरात न्यायची, असा बेत होता.

मी लोकसंख्या, उत्पन्न, हायवे असे कॉलम घातले होते. ते गाव यादीत तळाला गेलं. तरी तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मॅचला येत होते. मॉडेलला आधीच घडलेली गोष्टच ओळखता येत नसेल, तर नव्या गोष्टीबद्दल त्याचं ऐकू नये.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बॉस म्हणाले. "जाऊन बघून या. एकच दिवस."

शनिवारी सकाळी गेले. तिथल्या रिंकवरचा, म्हणजे खेळायच्या मैदानावरचा, बर्फ राखण्याचं काम फ्राऊ हूबर या पन्नाशीच्या बाई करायच्या. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र थांबवून त्या खाली उतरल्या.

"संघ याच गावात कसा?" मी विचारलं.

"इथलं तळं गोठायचं. आजोबा तळ्यावर खेळायचे. मग गावाने छप्पर घातलं, बर्फ गोठवायचं मशीन आणलं."

भिंतीवर आठवड्याचं टाइमटेबल होतं. शाळा, मुली, चार वर्षांची पोरं, साठीचे म्हातारे. एकही चौकोन रिकामा नव्हता.

"आणि मोठ्या संघाला किती तास?"

"उरतील ते," त्या म्हणाल्या. "मॅचला हीच माणसं येतात. स्वतः पडलेली असतात, म्हणून दुसरा पडला की त्यांना कळतं."

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही आमचा संघ न्यायला आलात ना?"

"मी आकडे न्यायला आलेय," मी म्हणाले. मलाच ते उत्तर आवडलं नाही.

त्यांनी टाइमटेबल काढून माझ्या हातात दिलं. "मग हेही घेऊन जा."

ऑफिसात मी नवा कॉलम घातला, बर्फाचे तास. घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात साध्या माणसाला आठवड्यात किती तास बर्फावर उतरता येतं? नकाशा बदलला. आल्प्सचा पायथा, चेक सीमेजवळची काही गावं, काही जुनी कारखान्यांची शहरं वर आली. तिथे रिंक जुन्या होत्या. लिंडनरांचं शहर खाली घसरलं. तिथे एकच रिंक होती, तीही फक्त हिवाळ्यात चालणारी.

"अमेरिकेत वाळवंटातही संघ चालतात," मीटिंगमध्ये लिंडनर म्हणाले.

"तिथे टीव्हीचा पैसा मोठा असतो, आणि हरलात तरी लीगमधून खाली टाकत नाहीत. इथे मुख्य भिस्त तिकिटांवर. खेळ ज्याच्या अंगात नाही, तो संघ हरायला लागला की येत नाही."

"हा कॉलम काढता येईल?"

माझा व्हिसा त्या नोकरीवर होता.

"येईल. पण मग रिपोर्टवर माझं नाव राहणार नाही."

बॉसनी रिपोर्ट स्वतःकडे ओढला. "आल्झो, ठरलं तर," ते म्हणाले, "कॉलम राहील."

लिंडनरांनी रिपोर्ट घेतला, पुढची कामं दुसऱ्या फर्मला दिली आणि लायसन्सही विकत घेतलं. पहिल्या हिवाळ्यात हॉल भरायचा. दुसऱ्यात अर्धा झाला. तिसऱ्यानंतर संघ बंद पडला. त्या गावाने मात्र खालच्या लीगमध्ये स्वतःच्याच पोरांना घेऊन नाव नोंदवलं. मी फर्म सोडली तोवर ती पोरं लीगच्या दोन पायऱ्या वर चढली होती.

शहरातला तो हॉल अजून चालतो. तिथे कॉन्सर्ट होतात, प्रदर्शनं भरतात, आणि गर्दी असते. म्हणजे माझं पहिलं मॉडेल बरोबरच होतं, फक्त ते कॉन्सर्ट हॉलचं होतं. आता कुठलंही काम आलं की मी आधी विचारते, ही गोष्ट दुसरीकडून आणून ठेवली होती की तिथेच उगवली होती? उगवलेली असेल, तर क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगते की नव्या जागी ती रुजायला वेळ लागेल. काही क्लायंट तिथूनच परत जातात.