वाफ्याने बॉयलर रूमला कुलूप लावलं

माझ्या धाकट्या भावाला सगळे वाफ्या म्हणतात. उमेदीची वर्षं त्याने एका युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये घालवली. तिथल्या आणि त्याच्या नि सोबत्यांच्या झोपायच्या खोलीतल्या वाफेच्या पाइपांवर अ‍ॅसबेस्टॉसचा पांढरा लेप असे. तोफा धडाडल्या की त्याला तडे जात आणि भुगा अंथरुणात, जेवणाच्या ताटात पडे. दुरुस्तीच्या वेळी ही मंडळी जुना लेप हातोडीने फोडत, नवा कणकेसारखा कालवून हातांनी थापत आणि उरलेल्याचे गोळे करून एकमेकांना मारत. वाफ्या हे सगळं लग्नाच्या आठवणींपेक्षा जास्त प्रेमाने सांगतो.

यथावकाश तो निवृत्त झाला, मग जहाजही. आता धक्क्याला बांधलेल्या त्या जहाजाचं संग्रहालय होणार होतं. जुन्या सोबत्यांनी, त्यात जहाजाचं सुकाणू धरणारा सुकाणीही होता, ठरवलं, बॉयलर रूम आपणच साफ करायची, परक्याचा हात नको. मुकादम अर्थातच वाफ्या. स्वारी हवेत होती. फक्त माझा जिना चढताना मध्येच थांबायची आणि कठडा तपासायची. कठड्यात तपासण्यासारखं काय असतं? मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टरांनी नोकरीची चौकशी केली, छातीचे फोटो काढले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या भुग्याचे बारीक तंतू फुप्फुसात रुतले होते. इतक्या वर्षांनी फुप्फुसं ताठर होत चालली होती. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं.

"धुळीपासून लांब राहा."

"मी कुठे धुळीत जातो?" वाफ्या म्हणाला. "उद्या फक्त जहाजावरचा जुना लेप खरवडायचाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

परतताना हा म्हणतो, "माझं व्हायचं ते झालंय, ताई. आणखी एका दिवसाने काय बिघडतं?"

"तुझं नाही विचारत. तुझ्या त्या सुकाण्याचं काय? तो जन्मभर वर मोकळ्या हवेत उभा होता. उद्या त्याला पहिल्यांदाच खाली नेऊन ही धूळ चारणार आहेस?"

 

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मंडळी तोंडाला रुमाल बांधून तयार होती. सुकाणी तर झाडू घेऊन आला होता. वाफ्याने बॉयलर रूमचं लोखंडी दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

"काय रे, बायकोने नको म्हटलं?" सुकाण्याने विचारलं.

"बायकोचं मी कधी ऐकलंय? बहिणीने म्हटलं."

सगळे हसले. मग वाफ्याने डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. हसू ओसरलं, पण सुकाणी हटेना.

"त्या भुग्यात तुम्ही सगळे जेवलात. मेलं का कोणी?"

"चल, डेकवर जाऊ. न थांबता, गप्पा मारत," वाफ्या म्हणाला.

अर्ध्या शिडीत वाफ्याचं वाक्य तुटलं. तो दांडा धरून उभा राहिला, ओठ निळसर. या वेळी त्याने काहीच लपवलं नाही. वर पोचलेला सुकाणी खाली आला आणि त्याने वाफ्याच्या पाठीवर हात ठेवला. शिडीच्या पायथ्याशी उभा असलेला, बॉयलर रूममध्ये काम केलेला दुसरा एक गडी हळूच म्हणाला, "मलाही हल्ली असंच होतं."

संग्रहालयवाले उद्घाटन लांबेल म्हणून कुरकुरले. वाफ्या म्हणाला, "पुढे ढकला." शेवटी अंगभर बंद पोशाख घातलेली, हे काम शिकलेली माणसं आली, लेप ओला करून पिशव्यांत भरून घेऊन गेली. सोबती एकेक करून डॉक्टरांकडे गेले. दोघांची गत वाफ्यासारखीच निघाली, सुकाणी मात्र ठणठणीत.

वाफ्या आता दम राखून चालतो, पण फोनवर त्याला कोण आवरणार? इतर जहाजांवरच्या जुन्या लोकांना शोधून शोधून गाठतो. परवा एक जण म्हणाला, "आम्हाला काही होत नाही."

"झकास," वाफ्या म्हणाला. "मग तपासायला का घाबरतोस?"

तो उद्या आमच्या डॉक्टरांकडे येतोय.