हाल म्हणजे दूध नव्हे

शके १८५४, किंक्रांत. जेवणं उरकून मी सोप्यावर सूप घेऊन ज्वारी निवडायला बसले होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नवं काही सुरू करायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. ज्वारी निवडणं जुनंच काम, त्यामुळं त्याला कुणाची हरकत नव्हती.

थोरले दीर माडीवरून खाली आले ते हातात पुस्तक घेऊन. आदल्या दिवशी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेलं. ते त्यांनी माझ्या सुपाशेजारी आपटलं.

"हे परत करून या," ते म्हणाले. "अजून दुकानं उठली नाहीत. याच्या बदली ते दुसरं आणा, मी दाखवलेलं."

हे दुसरं कुठलं ते सांगायला हवं, आणि आमच्या घरात पुस्तक कसं घेतलं जायचं तेही.

गड्ड्याला दरवर्षी एक माणूस गोणपाट अंथरून पुस्तकं मांडायचा. एका बाजूला पोथ्या आणि पंचांगं, दुसऱ्या बाजूला मुलांची पुस्तकं. आम्ही वर्षाला एकच पुस्तक घ्यायचो, आणि ते निवडायची रीत माझ्या दोन मुलींनी घालून दिली होती. सासूबाई देवाचं दर्शन घेऊन आल्या की त्यांना गोणपाटाशेजारी बसवायचं. थोरली मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, एकेक पुस्तक उचलून पहिली चार पानं वाचायची. पुस्तक मराठी आणि सासूबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात त्या कानडीच बोलायच्या. मराठी त्यांना भाजीच्या भावापुरतं यायचं. म्हणून मुलगी मराठी ओळ डोळ्यांनी वाचून तोंडानं कानडी सांगायची, न अडखळता. चार पानं झाली की ती थांबायची. सासूबाईंनी "मुंद एनातु?" म्हणजे "पुढं काय झालं?" असं विचारलं, तर ते पुस्तक घ्यायचं. नाही विचारलं, तर ठेवून द्यायचं. सात वर्षांची धाकटी आज्जीच्या तोंडाकडं टक लावून बसायची आणि विचारल्याबरोबर टाळी वाजवायची. पुस्तकवाला सुरुवातीला वैतागायचा. पुढं पुढं त्याच्या भोवतीच ऐकायला माणसं जमायला लागली, तेव्हा तो सासूबाईंना बसायला पाट द्यायला लागला.

त्या वर्षी थोरले दीर बरोबर होते. त्यांनी चांगल्या मुलीनं कसं वागावं याच्या उपदेशाचं एक पुस्तक काढून दिलं. मुलीनं तेही प्रामाणिकपणे वाचलं. तिसऱ्या पानावर सासूबाईंनी तपकिरीची डबी शोधायला घेतली आणि चौथ्यावर शेजारणीला तिच्या गुडघ्याचं विचारलं. मग मुलीनं आपण निवडलेलं उघडलं. एक नावाडी आजारी पडतो. त्याची मुलगी स्वतः नाव हाकायला घेते आणि पुरात हरवलेल्या भावाला शोधायला नदीनं खाली जाते. चार पानं व्हायच्या आतच सासूबाई "मुंद एनातु?" म्हणाल्या. धाकटीनं टाळी वाजवली. पुस्तक घरी आलं.

ते रात्रीतून थोरल्या दिरांनी वाचून काढलं होतं. म्हणजे त्यांनाही सोडवलं नव्हतंच की.

"काय वाईट आहे त्यात?" मी विचारलं.

"पोरगी एकटी घर सोडून जाते. परक्या गावात राहते. आणि लेखक तिला शहाणी म्हणतो!"

"भाऊ शोधायला जाते, भावजी. पळून नाही जात."

"ते काही असो. अशी पुस्तकं वाचून पोरी बिघडतात. चौथीपर्यंत शिकली, पत्र वाचण्यापुरतं आलं, बास झालं."

खरं दुखणं हे होतं. थोरली जायची ती मुलींची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जावं लागायचं. ज्यांना जायचं त्यांच्या पालकांची सही मुख्य बाईंनी मागितली होती. तो कागद महिनाभर दिरांच्या पेटीत पडून होता. विचारलं की म्हणायचे, बघू. पाडव्यापर्यंत बघू बघू करत राहिले असते आणि मग म्हणाले असते, आता मुदत गेली. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते.

थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ऐकत होती. रडत नव्हती. मी तिला रडायचं नाही असं आधीच सांगून ठेवलं होतं.

"आत्यांना विचारा," मी म्हणाले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. "पुस्तक त्यांनी पसंत केलंय."

सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. दिरांना वाटलं, आईला नीट कळलंच नसेल, कळलं तर तीच नको म्हणेल. त्यांनी पुस्तक उचललं, मधलं पान काढलं आणि पेढीवर हुंडी वाचावी तसं खड्या आवाजात मराठीतच वाचलं, "वाटेत तिचे फार हाल झाले."

सासूबाईंनी मान वर केली. कानडीत हालू म्हणजे दूध.

"हालू? बरं झालं," त्या कानडीत म्हणाल्या. "कुणीतरी दिलं की पोरीला. उपाशी होती बिचारी."

धाकटी फिसकन हसली. दीर लाल झाले. "दूध नाही, अव्वा! पुढं ऐक. आईबापांच्या आठवणीनं तिचा ऊर भरून आला."

"ऊरू?" म्हणजे गाव. "सगळं गाव आलं? तिला बघायला?" सासूबाईंनी वाती खाली ठेवल्या. "दूध मिळालं, गाव गोळा झालं. मग यात वाईट काय आहे रे?"

आमचे हे इतका वेळ खांबाआड पान लावत होते. त्यांना ठसका लागला. चाळीस वर्षं सोलापुरात काढलेल्या बाईला हाल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं का? मी नंतर सासूबाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तपकीर ओढली.

मुलीला तो घोटाळा तसाच राहू देता आला असता. फायदा तिचाच होता. पण तिला चूक सहन होत नाही. ती पुढं आली आणि आज्जीजवळ बसली.

"अज्जी, हालू अल्ल. कष्ट. तिला फार कष्ट पडले. आणि ऊरू अल्ल, एदी. एदी तुंबि बंतु." दूध नव्हे, गाव नव्हे, छाती भरून आली, म्हणजे. असं म्हणून तिनं काकांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि ते अख्खं पान कानडीत सांगितलं. दोन दिवस खायला नाही, वल्हं मोडलेलं, पायाला जखम. काही झाकलं नाही, काही गोड केलं नाही.

सासूबाई ऐकत राहिल्या. पान संपल्यावर म्हणाल्या, "मुंद एनातु?"

"अव्वा, तुला कळतंय का काय ऐकतेयस?" दीर म्हणाले.

"सुम्न कूड," त्या म्हणाल्या. गप बस. "तू वाचलंस तर मला कष्टाच्या जागी दूध कळतं. ही वाचते तर कष्ट कळतात. उद्या हिला चुलीपुढं बसवलंस तर मला कोण वाचून दाखवणार? तू?"

"वाचू दे की आत्ता. परीक्षेपर्यंत काय वाचायचं ते वाचू दे. पुढं चूलच आहे."

"चूल मीही पेटवते, भावजी," मी म्हणाले, "आणि वाचतेही. दोन्ही होतं."

"पाचवीच्या कागदावर माझी सही लागते."

"कागदावर पालकाची सही म्हटलंय. घरातल्या थोरल्याची म्हटलेलं नाही."

ते आमच्या ह्यांच्याकडं वळले. "तू बोल. तुझी मुलगी आहे."

ह्यांनी भावाकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दादा, तुम्ही म्हणता ते..." म्हणाले, आणि पान तोंडात घातलं. पान तोंडात असलं की बोलता येत नाही, ही सोय त्यांनी आयुष्यभर वापरली. नाही म्हणाले नाहीत, एवढं मी धरून ठेवलं.

"आज किंक्रांत आहे," दीर म्हणाले. "आज असले विषयच काढू नयेत. नवं काही ठरवायचं नसतं आज."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आज नाही ठरवत."

ते जिंकल्यासारखे माडीवर गेले. मुलीनं माझ्याकडं रागानं बघितलं. मी तिला म्हणाले, "पुढचं पान काढ. आत्या थांबल्यात." संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत तिनं वाचलं. नावाड्याच्या मुलीला भाऊ सापडला की नाही ते त्या दिवशी कळलं नाही. दिरांना ठाऊक होतं, पण त्यांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मला वाटतं, त्यांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या लवकर थापल्या, धाकटीला सासूबाईंकडं दिलं आणि थोरलीबरोबर शाळेत गेले. पेटीतला कागद मागितला नाही. मागितला असता तर दोन तास भांडण झालं असतं, आणि शाळा अकराला भरायची. मुख्य बाईंना म्हटलं, आमचा कागद गहाळ झालाय, दुसरा द्या. त्यांनी दिला. मी दौत जवळ ओढली.

"यजमानांची सही आणायची होती," त्या म्हणाल्या.

"यजमानांना सवड नाही. मला आहे."

त्यांनी टाक पुढं केला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, माझं अक्षर मोठं येतं. पालक या शब्दासमोरच्या जागेत पूर्ण नाव मावेना, तेव्हा आडनाव खालच्या ओळीवर घेतलं. शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले.