काळी चारचा सा

सुलेखाताई गेली बावीस वर्षं सिंगापूरच्या बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तितकीच वर्षं रोज सकाळी काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, सुरात गातात. नवरा प्रसन्न जुरोंग आयलंडच्या कारखान्यात नेणारी कंपनीची बस पकडायला गेला, की तानपुऱ्याचं ॲप सुरू. कार्यक्रम नाहीत, शिष्य नाहीत. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं त्या म्हणतात. आपण त्यावर विश्वास ठेवू नये.

एकुलती एक लेक अवनी पियानोकडे वळली आणि शिकायला थेट फ्रान्सला गेली. तिथून तिनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. ऐन चोविशीत गेलेल्या एका फ्रेंच मुलीची शंभर वर्षांपूर्वीची रचना, बासरी आणि पियानोसाठी; विषय वसंतातली सकाळ. सुलेखाताई आधी वैतागल्याच. या फ्रेंच पोरीचा सा कुठं म्हणून सापडेना! हाती लागला म्हणावं, तोवर निसटून भलतीकडे. पण सोडवेनाही. सिंगापुरात बावीस वर्षांत विसरलेली सकाळची बोचरी थंडी त्या सुरांत होती.

मग त्यांनी मनाशी बेत केला. डिसेंबरात अवनी आठवडाभर येणार होती. बासरीची ओळ आपण आकारात गायची, लेकीनं साथ करायची. मायलेकी आजवर एकत्र कधी बसल्याच नव्हत्या. चार महिने बाईंनी ती ओळ घासली, गुरूंच्या शिस्तीप्रमाणे रेकॉर्डिंग बंद करून, स्वतःच्या सा वर. साथीदार गाणाऱ्याचा सूर धरतो, त्यात विचारायचं काय?

सांगायचा धीर मात्र झाला तो अवनी निघायच्या दिवशी दुपारी. अवनी चकित झाली, पटकन पियानोपाशी बसली. चौथ्या सुराला दोघी थांबल्या.

"आई, तू फारच खाली गातेयस."

"मग तू ये की खाली! पेटीवाला येतो तशी."

"असं नाही होत गं. सगळं लिहिलेलं असतं, बोटं तशीच बसलेली असतात. कान्ट जस्ट शिफ्ट, लाह," ती सवयीच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "तूच वर येऊन बघ ना."

त्यांनी गाऊन पाहिलं. छप्पन्नाव्या वर्षी आवाज तिथवर जाईना, चिरकला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

टॅक्सी आली, अवनी गेली. बाईंनी पियानोवर चादर घातली आणि ती ओळ गाणं सोडलं. दर रविवारी फोन व्हायचा. जेवण, हवा, परीक्षा, सगळं निघायचं, तेवढा विषय सोडून. लेक दूर गेल्याचं दुःख त्यांना होतंच. पण जवळ असतानाही सूर जुळला नाही, हे जास्त लागलं होतं.

परवा, मार्चअखेरीला, अवनीचा मेसेज आला, सोबत एक रेकॉर्डिंग. 'आई, तीन महिने लागले. सगळी बोटं नव्यानं बसवली. सकाळी ऐक.'

दुसऱ्या दिवशी प्रसन्न कामावर गेल्यावर सुलेखाताईंनी फोन पियानोवर ठेवला. आधी तिकडचं बाक सरकल्याचा आवाज, मग अवनीचा.

"आई, सा दे."

पुढं नुसती शांतता. दहा हजार किलोमीटरांवर बसून लेक त्यांच्या सुरासाठी थांबली होती. बाईंना सा लागेना. एवढ्यात पियानो सुरू झाला, नेमका काळी चारवर, आणि त्या गायच्याच राहिल्या.

त्यांनी चादर काढली, रेकॉर्डिंग मागे नेलं.

"आई, सा दे."

रिकाम्या बाकाकडे बघत सुलेखाताईंनी सा दिला.